स्टेपनीची चरखी

जोडारी आणि त्याची बायको, दोघंही जमिनीवर पडली होती आणि दोघांपैकी एकालाही उठता येत नव्हतं.

झालं होतं ते एवढंच. बायकोची उजवी बाजू लुळी पडल्यापासून तिला रोज सकाळी पलंगावरून खुर्चीत घ्यायचं काम जोडाऱ्याचं. काखेत हात घालायचे, तिला छातीशी धरायचं, अर्धा वळसा घ्यायचा, खुर्चीत सोडायचं. त्या दिवशी अर्ध्या वळशातच त्याच्या कमरेत कळ गेली आणि दोघं धाडदिशी खाली आली. तो खाली, ती वर.

"अहो, मेलात का?" बायकोनं विचारलं.

"नाही."

"मग तो कोपर काढा बाजूला. बरगडीत घुसतोय."

"काढता आला असता तर उठलोच नसतो का?"

बायकोनं आवाज देऊन शेजारची शिवणकाम करणारी बाई बोलावली. ती धावत आली खरी, पण दाराला आतून कडी. आणि कडीही कशी, तर भंगारातल्या ट्रकच्या फाळक्याची, जोडाऱ्यानं स्वतःच्या हातानं बसवलेली. शिवणवाल्या बाईनं धक्के मारले, तिच्या नवऱ्यानं खांदा लावला. दार हललं नाही. शेवटी खिडकीचे गज कापायला माणूस आणावा लागला, आणि तोवर ही दोघं फरशीवर एकमेकांच्या अंगावर पडून भांडत राहिली.

"एवढी मजबूत कडी कुणासाठी केली होती? चोर नेणार काय होता आपलं?" ती म्हणत होती.

प्रश्न रास्त होता. त्या घरात विकत आणलेलं लोखंड औषधालाही सापडलं नसतं. फाटक मोडक्या पलंगाच्या पट्ट्यांचं, चूल गाडीच्या रिमची, पाण्याच्या टाकीचा घोडा जुन्या जाहिरातीच्या फलकाचा. पंपाच्या कारखान्यात जोडारी, म्हणजे फिटर, म्हणून उमर काढली, आणि घरी येताना कधी हात रिकामा आला नाही. चोरी नव्हे हं. फेकलेलंच आणायचा, रखवालदाराला दाखवून आणायचा. रस्त्यात खिळा दिसला तरी वाकायचा. लोक म्हणायचे, याच्या अंगाला लोहचुंबक लावलंय. बायको म्हणायची, "या घरात नवी वस्तू एकच आली, ती म्हणजे मी. तीही आता भंगारात निघाली."

पण फुकटचं लोखंड म्हणजे फुकटचा पाहुणा. कुठल्या घरचा, कुठल्या स्वभावाचा, विचारल्याशिवाय कळत नाही. विकतच्या सळईवर शिक्का असतो. उकिरड्यावरच्या सळईवर गंज असतो. मग ती फिरत्या ग्राइंडरच्या चाकाला टेकवायची आणि ठिणग्या बघायच्या. नरम लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ जातात. कडक पोलादाच्या चाकाजवळच फुटतात, एकीच्या दहा होतात. ओतीव बिडाच्या आखूड आणि लालसर, जीव नसल्यासारख्या. जोडाऱ्याला हे बघायला डोळा मिचकावण्याएवढा वेळ लागायचा. लागायचा, असं म्हणायचं, कारण आता त्याला ठिणग्या दिसत नव्हत्या. चाकातून एक पिवळा धूर निघाल्यासारखं दिसायचं, आणि तेही नजर बाजूला वळवली तर.

डॉक्टरनं सांगितलं होतं की डोळ्यामागची शीर सुकत चाललीय. गेलं ते परत येणार नाही, उरलं ते थेंब घालून जपा. हे त्यानं घरात कुणाला सांगितलं नव्हतं. थेंबांची बाटली कारखान्याच्या जुन्या डब्यात, वॉशरांच्या खाली.

पडल्याची बातमी शिवणवाल्या बाईनं त्याच दुपारी जोडाऱ्याच्या लेकीला फोनवरून दिली. लेक दुसऱ्या शहरात शाळेत शिकवायची. तिचा फोन आला.

"बाबा, रविवारी मी गाडी घेऊन येतेय. आईसाठी जागा बघितलीय. तिथं उचलायला, बसवायला बायका आहेत."

"आणि मी?"

"तुम्ही माझ्याकडं."

"म्हणजे ती एकीकडं अन् मी एकीकडं."

"माझ्या खोलीत आईचा पलंग वळत नाही हो. मी काय भिंती पाडू?" तिचा आवाज चिरकला. "तुम्ही दोघं मरून पडला असता. दार आतून बंद."

जोडारी म्हणाला, "मी यंत्र करतो. उचलायचं."

"काय करता?"

"यंत्र. मला फक्त चरखी फिरवायची. कमरेवर भार नाही."

लेक याच माणसाच्या शेडमध्ये लहानाची मोठी झाली होती. तिची पहिली सायकल तीन मेलेल्या सायकलींची होती. ती म्हणाली, "ठीक आहे. रविवारी मला दाखवा. कुणी हात न लावता आई पलंगावरून खुर्चीत आली, तर मी तोंड उघडणार नाही. नाही आली, तर तुम्ही उघडायचं नाही."

फोन ठेवल्यावर बायकोनं विचारलं, "काय म्हणाली?"

"रविवारी येतेय."

"ते कळलं. कशाला?"

"तुला न्यायला."

बायकोनं छताकडं बघितलं. "मी नाही जायची," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, बारीक आवाजात, "मला तिथं कोण शिव्या देणार?"

जोडारी दुसऱ्या दिवशी सकाळीच गॅरेजमागच्या ढिगावर गेला. गॅरेजचा मिस्त्री त्याला उस्ताद म्हणायचा.

"उस्ताद, आज काय लागतंय? विमान करताय का?"

"स्टेपनीची चरखी आहे का रे?"

ट्रकच्या पोटाखाली जादा चाक टांगलेलं असतं. ते चाक एका चरखीनं खाली सोडतात आणि वर घेतात. दांडा फिरवला की साखळी गुंडाळते, आणि हात सोडला तरी भार खाली येत नाही, जागच्या जागी थांबतो. ट्रकचं चाक माणसाएवढं जड. जोडाऱ्याच्या डोक्यात पहिल्यापासून तीच होती.

"आहे ना. एक ट्रक उलटला होता, त्याची. घेऊन जा. तुम्ही नेलं की मला झाडायला कमी." मिस्त्रीनं ती ओढून काढली. "बाकी काय?"

बाकी बरंच होतं. उभा खांब आणि आडवा हात करायला जाड पाइप. अपघातातल्या गाड्यांचे सीटबेल्ट, बायकोला बसवायची झोळी करायला. माणसाला धरून ठेवण्यासाठीच ते जन्माला आलेले. आणि साखळीच्या टोकाला हूक वळवायला एक गोल सळई. चरखीचा मूळचा हूक अपघातात तुटून गेला होता. सळई मात्र ढिगात चाचपून घ्यावी लागली. हाताला जाडी बरोबर लागली, सरळ लागली. कुठल्या यंत्रातली, कुणास ठाऊक.

सीटबेल्टची झोळी शिवणवाल्या बाईनं शिवून दिली. "काका, माझी मशीन रडली हो," ती म्हणाली, "पण टाका असा घातलाय की काकूंचं वजन सोडा, तुमचा हट्टही तोलून धरेल."

शेडमध्ये जोडाऱ्यानं सळई चाकाला टेकवली. पिवळा धूर. मान डावीकडं केली, उजवीकडं केली. धूर लांब गेल्यासारखा वाटला. लांब म्हणजे नरम. खात्री करायला त्यानं कानस फिरवून बघितली, कानस चालली. जमिनीवर आपटून आवाज ऐकला; आवाज त्याला बोदा वाटला, नरम लोखंडाचा असतो तसा. माणसाला जे हवं असतं ते कान ऐकतात. रविवार तोंडावर आला होता आणि परत ढिगावर जायला कमर तयार नव्हती.

त्यानं भट्टी पेटवली, सळई तापवली, ऐरणीच्या शिंगावर वळवली. हात तर आंधळे नव्हते. बाक असा आला की बघत राहावं. आणि मग घाईघाईत, लालभडक असतानाच, त्यानं हूक पाण्याच्या बादलीत बुडवला. चर्रर्र झालं.

लोखंडातलं ज्याला कळतं तो इथं डोक्याला हात लावेल. नरम लोखंड पाण्यात बुडवलं तर बिघडत काही नाही. पण कडक पोलादाला असं पाणी पाजलं आणि पुन्हा हलकं तापवून त्याचा कडकपणा उतरवला नाही, तर त्याची काच होते. वरून लोखंड, आतून काच. हे जोडाऱ्यानं आयुष्यात कितीतरी उमेदवारांना कान पिळून शिकवलं होतं.

लेकीला नीटस दिसावं म्हणून त्यानं हुकाला उरलेला निळा रंगही दिला. रंगाखाली बारीक तडा होता की नाही, देव जाणे. असता तरी त्याला दिसला नसता. त्यानं शेडमधलं व्हाइस आणि ऐरण झोळीत घालून टांगून बघितली. हूक हलला नाही.

शुक्रवारी दुपारी खांब खोलीत उभा राहिला. बायकोच्या अंगाखालून झोळी सरकवताना तिनं विचारलं, "पडले तर?"

"गादीवर पडशील."

"म्हणजे पडण्याचा विचार करून ठेवलाय तर."

चरखी कटकट करत फिरू लागली. सीटबेल्ट ताठ झाले. आणि बायको उठली. अगदी हळू, पण उठली. गादी तिच्याखालून सुटली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिला कुणी खसकन ओढलं नव्हतं, दम लागून तिच्या तोंडावर श्वास सोडला नव्हता. ती हसायला लागली. "अहो, मी ट्रकचं चाक झाले!" हसताना ती जरा हलली, झोळी कलली, साखळीला हिसका बसला.

टणकन आवाज झाला. काच फुटावी तसा.

बायको गादीवर आदळली. डावा हात पलंगाच्या दांड्यावर आपटला. जोडारी चरखीचा दांडा धरून तसाच उभा, काय झालं ते न दिसता. "अगं? अगं, बोल!"

"आहे," ती म्हणाली. मग तिनं मांडीवर पडलेला हुकाचा तुकडा उचलला. मोडलेली जागा तिनं खिडकीकडं धरली. साखरेसारखे दाणे चमकत होते. लोखंडाशी संसार केलेली बाई ती. तिला ते बघून काय समजायचं ते समजलं.

"कडक पोलाद घेतलंत. आणि पाणी पाजलंत."

"नाही. नरम होतं. मी ठिणगी बघितली."

"बघितलीत?"

"बघितली."

बायकोनं हात पुढं केला. "हे काय आहे माझ्या हातात?"

"हूक."

"हूक नाही. हूक गादीवर ठेवला. हातात काय आहे?"

जोडाऱ्याला तिचा हातही नीट दिसत नव्हता. उजेडात एक काळसर डाग.

"काहीच नाहीये हातात," ती म्हणाली.

बाहेर रस्त्यावर कुणीतरी मोटरसायकल चालू करत होतं. ती धरत नव्हती, परत परत खाकरत होती. जोडारी पलंगाच्या कडेला बसला. दोन्ही हात त्यानं मांड्यांखाली दाबले. "कधीपासून?" तिनं विचारलं. त्यानं सांगितलं. डॉक्टरचं सांगितलं, बाटलीचं सांगितलं.

"आंधळं दळतंय," बायको म्हणाली, "आणि मी जात्यावर निजलेय." तिला रडायला येत होतं की हसायला, तिचं तिला ठरवता येईना. तिचं मनगट सुजायला लागलं होतं. कामाचा तो एकच हात.

"जाऊ दे," जोडारी म्हणाला. "जा तू लेकीबरोबर. इथं मी तुला मारून टाकीन."

"रविवारला अवकाश आहे अजून."

"डोळे येणार आहेत का रविवारपर्यंत?"

"मिस्त्रीला विचारा. तो सळई निवडून देईल."

"मिस्त्रीला आज विचारीन. उद्या खिळा निघाला तर? परवा बोल्ट तुटला तर? रोज मिस्त्री आणू घरात?" तो ओरडलाच. मग एकदम बसक्या आवाजात म्हणाला, "माझ्यानं होत नाही आता."

बायकोनं त्याला हे वाक्य म्हणताना कधी ऐकलं नव्हतं. कारखाना बंद पडला तेव्हाही नाही. ती म्हणाली, "ग्राइंडर इथं आणा."

"कुठं?"

"इथं. पलंगापाशी. डोळे कुणाचे, याचं त्या चाकाला काही पडलेलं नसतं."

शनिवारी सकाळी त्यानं ग्राइंडर ओढत खोलीत आणला. सकाळीच ढिगावर जाऊन, हाताला लागतील त्या गोल सळया पोत्यात भरून आणल्या होत्या. मिस्त्रीनं विचारलं, "उस्ताद, सगळा ढीगच नेताय का?" तर म्हणाला, "निवडायला वेळ नाही." पलंगावर ओलं गोणपाट टाकलं, खिडकीचा पडदा काढून ठेवला, ठिणग्या भिंतीकडं उडतील असा ग्राइंडर फिरवला. पहिली सळई टेकवली.

"सांग."

"फुटतायत. चाकाजवळच फुटतायत. काटेरी झुडपासारख्या."

"कडक. बाद." पुढची.

"ह्या आखूड. लाल. विझल्यासारख्या."

"बीड. बाद." पुढची.

"थांबा, परत लावा. ह्या... ह्या बऱ्या आहेत."

"बऱ्या म्हणजे काय? भाजी आहे का ती? लांब आहेत का?"

"लांब आहेत. पण मध्ये मध्ये फुटतायत."

"किती फुटतायत?"

"मला काय माहीत किती! तुम्ही ओरडू नका, मी काय कारखान्यात होते?"

दोघं घामाघूम झाली. एकदा ठिणगी गोणपाटाच्या कडेला पडली आणि धूर निघाला. तिनं डाव्या हातानं तांब्यातलं पाणी ओतलं ते अर्धं स्वतःच्या पोटावर. पोतं रिकामं होत आलं. एकेक सळई बाद होत गेली. तळाशी एक गंजलेला तुकडा राहिला होता, कुठल्यातरी फाटकाचा असावा.

"सरळ," बायको म्हणाली. मग परत बघत राहिली. "केरसुणीच्या काड्यांसारख्या. लांब. टोकाशी कुठं एखादी फुटते, बस."

"नक्की?"

"नक्की."

"खोटं बोलू नको. जायचं नाही म्हणून खोटं बोलू नको."

"टांगली मी जाणार आहे," ती म्हणाली. "मी कशाला खोटं बोलू?"

हूक वळवून झाल्यावर त्यानं तो राखेत पुरून ठेवला आणि आपोआप गार होऊ दिला. रंग दिला नाही. बायकोनं तो हातात घेऊन उलटासुलटा, उजेडात, अंधारात, नखानं खरवडून बघितला.

रविवारी लेक आली. गाडी फाटकाशी थांबली, चालक गाडीतच बसला. लेकीनं आईच्या सुजलेल्या मनगटाकडं बघितलं, भिंतीवरच्या ठिणग्यांच्या काळ्या डागांकडं बघितलं, आणि ती खुर्चीचं पाठीकडचं टोक धरून उभी राहिली.

जोडाऱ्यानं चरखी फिरवली. आई उठली, अधांतरी तरंगली. त्यानं आडवा हात ढकलला, ती खुर्चीवर आली, उतरली. कुठं कटकटीशिवाय आवाज नाही. कुणी हात लावला नाही.

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पदरानं न पुसता तसंच राहू दिलं. "पाणी घ्या, बाबा," म्हणून तिनं पेला पुढं केला. जोडाऱ्यानं हात लांबवला, तो पेल्याच्या बाजूनं हवेत गेला. परत आला. परत गेला.

लेकीनं पेला त्याच्या हातात दिला. "किती दिसतं?"

"मला दिसतं तेवढं त्यांना दिसतं," आई म्हणाली.

"आई, तू गप्प बस." ती बापाच्या समोर आली. "बाबा, छातीवर हात ठेवून सांगा. आई इथं राहिली तर तिला काही होणार नाही?"

"हूक मोडणार नाही."

"मी हुकाचं विचारलं नाही."

जोडाऱ्यानं पेला तोंडाला लावला, पण प्यायला नाही. आयुष्यभर त्यानं केलेल्या कामाबद्दल त्याला कुणी विचारलं की तो एका शब्दात सांगायचा: टिकेल, नाहीतर टिकणार नाही. "सांगता येत नाही," तो म्हणाला.

बाहेर चालकानं हॉर्न वाजवला.

"त्याला जाऊ दे," आई म्हणाली. "तिथं गेले तरी सांगता येत नाहीच. तिथल्या बायका सांगू शकतील का?"

"त्या निदान बघू शकतील!"

"मीही बघू शकते. तोंड वाकडं झालंय, डोळे नाही."

लेक बाहेर गेली. जोडाऱ्याला फाटकाचा आवाज आला, मग तिचं बोलणं, मग दार आपटल्याचं, मग इंजिन. गाडी गेली. पण लेक तिच्यात बसून गेली की नाही, ते त्याला कळेना. तो दाराकडं तोंड करून उभा राहिला.

"गेली?" त्यानं हळूच विचारलं.

"पायरीवर बसलीय," बायको म्हणाली. "पिशवी मांडीवर घेऊन. आपल्याकडं पाठ करून."

दुपार तशीच सरकली. मग बायकोची मान दुखायला लागली आणि ती म्हणाली, "अहो, आता गादीवर घ्या मला."

जोडारी उठला, साखळी चाचपली. हूक हाताला लागला, झोळीची कडी लागेना.

"खाली. अजून. माझ्या गालाला लावताय तो. डावीकडं... माझ्या डावीकडं नाही, तुमच्या."

पायरीवरून लेक उठून आत आली.

"तू बस," आई म्हणाली. "त्यांना करू दे."

"मी हात लावत नाहीये," लेक म्हणाली.

कडी सापडली. चरखी कटकटू लागली. आई पलंगाकडं जाईपर्यंत लेक तिच्याखाली दोन्ही हात पसरून चालत राहिली, अंगाला न लावता, आणि आईचं अंग गादीला टेकल्यावरच तिनं ते खाली घेतले.

"पुढच्या रविवारी येते," ती म्हणाली. "आणि दाराची ती कडी आजच काढा."